पोचल्यावर फोन कर : समुद्रात हरवलेली जहाजं आणि एक हिरवं टिंब

हेडफोन लावलेत ना?

आज मी पुण्यातल्या रूमवरून नाही, गावाकडून बोलतोय. वारूळवाडीतून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुणे-नाशिक रस्त्याला नारायणगाव लागतं, त्याला अगदी चिकटून आमचं गाव. बाहेर पाऊस चालू आहे आणि वर पत्रा आहे. त्यामुळे मध्येमध्ये ताशा वाजल्यासारखा आवाज येईल. सांभाळून घ्या.

गेले काही दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच आग्रह चाललाय. "दादा, बर्म्युडा ट्रँगलवर एक भाग कर ना." शॉर्ट्समध्ये सगळ्यांनी ते बघितलंय. काळं पाणी, गरगर फिरणारं होकायंत्र, मागे भुताटकीचं म्युझिक आणि शेवटी प्रश्न : "काय आहे याचं रहस्य?" उत्तर नसतंच. पुढचा व्हिडिओ सुरू होतो.

तर आज जहाजांवर आणि विमानांवर बोलूया. बर्म्युडाला जाऊन येऊ, पण तिथे फार थांबायचं नाही. मला तुम्हाला आपल्याच अरबी समुद्रात न्यायचंय. आणि मध्ये माळशेज घाटातली एक गोष्ट सांगायची आहे. ती माझी स्वतःची आहे, आणि सांगायला मला जरा जड जाणार आहे.

आधी बर्म्युडा उरकून घेऊ

बर्म्युडाच्या गोष्टीत दोन नावं हमखास येतात. पहिलं, फ्लाइट १९. ५ डिसेंबर १९४५ ला अमेरिकन नौदलाची पाच विमानं फ्लोरिडाहून सरावाला निघाली. एकूण १४ माणसं. पुढाऱ्याने रेडिओवर सांगितलं की होकायंत्रं चालत नाहीयेत, आपण नक्की कुठे आहोत ते कळत नाहीये. अंधार पडला, हवा बिघडली आणि संपर्क तुटला. त्यांना शोधायला गेलेलं एक मोठं विमानही १३ माणसांसकट परत आलं नाही.

दुसरं नाव यूएसएस सायक्लॉप्स. मार्च १९१८. ब्राझीलहून मँगनीजचं खनिज भरून निघालेलं प्रचंड जहाज, वर ३०६ माणसं. "वाचवा" असा एक शब्दही आला नाही. आजपर्यंत सापडलेलं नाही.

हे खरं घडलंय आणि दुःखद आहे. पण ते "ट्रँगल" म्हणजे नकाशावर नंतर कुणीतरी ओढलेल्या तीन रेघा. अमेरिकेचं कोस्ट गार्ड अशी काही वेगळी धोक्याची जागा मानतच नाही. त्या भागात जहाजांची आणि विमानांची वर्दळ जास्त, वादळं जास्त, म्हणून अपघातही दिसतात.

आता सायक्लॉप्सबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा : पोटात खनिज होतं. कारण पुढचं जहाज पण तसंच आहे. आणि ते गोव्याहून निघालं होतं.

कैराली

३० जून १९७९. मुरगाव बंदर. केरळ सरकारच्या शिपिंग कॉर्पोरेशनचं एमव्ही कैराली नावाचं मालवाहू जहाज निघालं. पोटात सुमारे २०,००० टन लोहखनिज. जायचं होतं तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या रोस्टॉक बंदरात. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबुतीला थांबून तेल घ्यायचं, मग तांबडा समुद्र, सुएझ आणि पुढे युरोप. जहाजावर साधारण ५० माणसं, बहुतेक केरळची.

जुलैची सुरुवात म्हणजे ऐन मान्सून. आपल्याकडे या दिवसांत कोळी बांधव होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात. कारण अरबी समुद्र तेव्हा सगळ्यात जास्त खवळलेला असतो.

३ जुलैला कैरालीकडून रेडिओवर निरोप आला. तो शेवटचा. त्यानंतर काही नाही. धोक्याचा संदेश नाही, लाइफबोट नाही, तेलाचा तवंग नाही, नाव लिहिलेली एखादी फळीसुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनंतरही ते जहाज कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

कुणी म्हणालं चाचे. कुणी म्हणालं माल जास्त भरला होता. कुणी म्हणालं वादळ. पुरावा कशालाच मिळाला नाही. त्यामुळे मी पण इथे बसून "हेच झालं असणार" असं सांगणार नाही. पण खनिज भरलेली जहाजं अशी न बोलता का बुडतात, हे मात्र आज चांगलं माहीत आहे. ते समजून घेऊ, कारण ते कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा भारी आहे.

समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूवर उभं राहून पाय थापटलात कधी? घट्ट वाटणारी वाळू एकदम पातळ होते, वर पाणी येतं, पाय रुततो. बारीक लोहखनिजाचं तसंच होतं. पावसात भिजलेलं खनिज जहाजात भरलं, वरून कोरडं दिसलं, जहाज निघालं. मग इंजिनाची थरथर आणि लाटांचे दणके दिवसरात्र बसत राहतात. कणांच्या मधलं पाणी सुटतं आणि हजारो टनांचा तो ढीग चिखलासारखा वाहायला लागतो. जहाज एका बाजूला कललं की सगळा माल त्या बाजूला. परत यायला तो पाणी थोडाच आहे? तो तिथेच बसतो. पुढच्या लाटेला जहाज आणखी कलतं. काही मिनिटांत उलटतं. "वाचवा" म्हणायला वेळ कुठून येणार?

हे फक्त पुस्तकातलं नाही. २००९ च्या पावसाळ्यात एशियन फॉरेस्ट नावाचं जहाज मंगळूरजवळ असंच बुडालं. पोटात लोहखनिजाची भुकटी. काही आठवड्यांनी ओडिशात पारादीपजवळ ब्लॅक रोज. तेही लोहखनिज.

दुसरा प्रकार असा. लोहखनिज खूप जड, त्यामुळे वजनाची मर्यादा गाठली तरी जहाजाची कोठारं अर्धीअधिक रिकामीच असतात. वरचं झाकण फुटलं की त्या रिकाम्या जागेत पाणी भरायला भरपूर वाव. ब्रिटनचं डर्बीशायर नावाचं अवाढव्य जहाज सप्टेंबर १९८० मध्ये जपानजवळच्या वादळात गेलं. ४४ माणसं. एक शब्द नाही, कैरालीसारखंच. सरकारी चौकशीचा निष्कर्ष काय? तर निसर्गाच्या ताकदीपुढे जहाज टिकलं नाही. विषय संपला.

घरच्यांनी तो संपू दिला नाही. १४ वर्षं भांडत राहिले, खलाशांच्या संघटनेकडून पैसा उभा केला आणि १९९४ मध्ये समुद्राखाली चार किलोमीटर खोल ते जहाज शोधून काढलं. मग पाण्याखाली कॅमेरे गेले, फोटो आले, चौकशी पुन्हा उघडली. पुढच्या भागात पाणी शिरत गेलं, मग पहिल्या कोठाराचं झाकण लाटांच्या माऱ्याने आत दबलं, अशी साखळी पुढे आली. खलाशांवर हलगर्जीचा जो ठपका येत होता, तो पुसला गेला.

कैरालीच्या घरच्यांना हे मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त वाट पाहणं आलं.

मधले दिवस

आता मला सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट. जहाज कसं बुडालं हे बाजूला ठेवा. ३ जुलैला शेवटचा निरोप. ४ तारखेला निरोप नाही. ५ ला नाही. ६ ला नाही. ८ जुलैच्या सुमारास ते जिबुतीला पोचायला हवं होतं, पोचलं नाही. आणि प्रत्यक्ष समुद्रात शोध सुरू व्हायला जुलैचा मध्य उजाडला.

हिशेब करा. समजा लाइफबोटीत चार माणसं होती. होती का नव्हती, कुणालाच माहीत नाही. पण समजा होती. पावसाळ्यात उघड्या होडीत, गोड्या पाण्याशिवाय, किती दिवस काढतील? आणि वारा नि प्रवाह इतक्या दिवसांत होडीला कुठच्या कुठे नेतील? शोधायला निघालेल्या विमानाला मग किती मोठा समुद्र धुंडाळावा लागेल?

आपलं तटरक्षक दल तेव्हा जेमतेम वर्षाचं बाळ होतं. औपचारिक स्थापना १९ ऑगस्ट १९७८ ची. साधनं कमी. सगळं मान्य. पण त्या आधी एक अगदी साधा प्रश्न आहे, ज्याला विमान लागत नाही, पैसा लागत नाही. "आज निरोप का नाही आला?" हा प्रश्न विचारायचं काम कुणाचं होतं? आणि किती तासांनी?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हे मला नुसतं इतिहास म्हणून वाचता येत नाही. कारण हीच चूक मी केलेली आहे. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कोडमध्ये.

हिरवं टिंब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका छोट्या कंपनीत होतो, नाव नको. आम्ही मालाच्या गाड्यांना जीपीएसचा डबा बसवायचो आणि मालकाच्या मोबाईलवर नकाशा दाखवायचो. आमच्या भागात याला गिऱ्हाईक भरपूर. नारायणगावचं टोमॅटोचं मार्केट तुम्हाला माहीत असेल. सीझनला इथून रात्रभर पिकअप आणि ट्रक सुटतात, मुंबई, कल्याण, गुजरात, कुठे कुठे.

नकाशावर प्रत्येक गाडीचं एक टिंब. गाडी ठीक असेल तर हिरवं. बिघाडाचा संदेश आला तर लाल. टिंबाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : शेवटची माहिती किती वाजता आली. काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली की स्क्रीनवर गर्दी होते, अक्षरं वाचता येत नाहीत. मी ती ओळ काढून टाकली. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, झकास, एकदम स्वच्छ दिसतंय.

आमच्या गावातले एक तात्या आहेत. सख्खे नाहीत, पण आमच्या घरी सख्ख्यासारखेच. त्यांची स्वतःची पिकअप. डबा मीच बसवून दिला होता, मोठ्या कौतुकाने. "तात्या, आता काकूंना घरबसल्या कळेल तुम्ही कुठे आहात."

जुलैमधली रात्र. तात्या टोमॅटोचे क्रेट भरून नऊच्या सुमारास निघाले. आळेफाटा, ओतूर, पुढे माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण. ही वाट त्यांनी शेकडो वेळा केलेली. घाटात धुकं, वरून पाऊस. साडेअकराच्या आसपास एका वळणावर गाडी घसरली. नशीब एवढंच की दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला गेली. गटारात कलंडली, समोरचा भाग आत दबला आणि तात्यांचा पाय अडकला. मोबाईलला रेंज नाही. डब्याच्या सिमलाही रेंज नाही.

इकडे आमच्या सर्व्हरकडे शेवटची जागा होती घाटाची, आणि शेवटची स्थिती होती "ठीक". बिघाडाचा संदेश आलाच नाही. कसा येणार? आणि माझ्या कोडला एवढंच कळत होतं की वाईट बातमी नाही म्हणजे सगळं बरं.

काकूंनी बाराला मोबाईल उघडला. हिरवं टिंब. त्यांना वाटलं, टपरीवर चहाला थांबले असतील. दोनला उघडला. हिरवं. मनात पाल चुकचुकली, पण हिरवं आहे म्हटल्यावर उगाच कुणाला उठवायचं? चारला पुन्हा बघितलं. टिंब तिथेच. हिरवंच.

सकाळी सहाच्या सुमारास दुधाच्या गाडीवाल्याला पिकअप दिसली. साडेसहा तास. माणूस थंडीत, पावसात, पाय दाबलेला, आणि शुद्धीवर.

तात्या वाचले. पाय दोन ठिकाणी मोडला होता, तो बऱ्याच उशिरा सोडवला गेल्यामुळे पूर्वीसारखा झाला नाही. लांबच्या फेऱ्या बंद झाल्या. पिकअप विकली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा काकू दाराशी बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "अरे बाळा, तुझं टिंब तर हिरवंच होतं की रे."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

अशी टिंबं मोठ्या ठिकाणीही असतात

त्यानंतर मी झपाटल्यासारखा हरवलेल्या जहाजांबद्दल, विमानांबद्दल वाचायला लागलो. आणि एमएच ३७० च्या चौकशीत मला माझंच टिंब सापडलं.

८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं विमान, २३९ माणसं. पहाटे १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाशी शेवटचं बोलणं. मग विमान मलेशियाच्या कंट्रोलमधून व्हिएतनामच्या कंट्रोलकडे जाणार होतं. दोन्हीच्या मधल्या फटीत ते रडारवरून नाहीसं झालं. दोन्ही कंट्रोल एकमेकांना विचारू लागले. एअरलाइनच्या ऑपरेशन्सला विचारलं, तर उत्तर आलं : विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे. सगळ्यांना जरा हायसं वाटलं. पुढचा दीड तास त्यात गेला. मग कळलं की ती विमानाची खरी जागा नव्हतीच. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे विमान आत्ता कुठे असायला हवं, ते सॉफ्टवेअर दाखवत होतं.

शोध आणि सुटकेची यंत्रणा औपचारिकपणे जागी झाली साडेपाच वाजता. चार तासांहून जास्त वेळ गेला होता.

तेवढ्या वेळात विमान उडतच होतं, हे आपल्याला कसं कळलं माहितीये? हिंदी महासागरावरच्या इन्मारसॅट या कंपनीच्या उपग्रहामुळे. उपग्रहाची यंत्रणा दर तासाला, बराच वेळ शांतता असली तर, विमानाला विचारते : "आहेस का?" आणि विमानातला डबा आपोआप उत्तर देतो : "आहे." याला हँडशेक म्हणतात. आपण आयटीवाले रोज हेच करतो, सर्व्हर जिवंत आहे का ते विचारत राहतो. घाटात हाक मारल्यावर प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून कडा किती लांब आहे ते कळतं ना? तसं उत्तर यायला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते काढलं. नकाशावर मोठमोठ्या कमानी मिळाल्या. शेवटचं उत्तर ८ वाजून १९ मिनिटांचं. पुढे २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा वाहून आला. मुख्य सांगाडा अजून समुद्रातच आहे.

योगायोग बघा. जहाजांशी उपग्रहातून बोलता यावं म्हणून इन्मारसॅट ही संस्था आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्यक्षात आली, तो दिवस होता १६ जुलै १९७९. कैराली हरवली तोच महिना. आणि आमच्या गावापासून जवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारं मोठं भूस्थानक आहे, विक्रम साराभाईंच्या नावाचं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. देशातलं त्या प्रकारचं पहिलं. म्हणजे १९७९ मध्ये आमच्या शिवारातून परदेशात फोन लागत होता. पण अरबी समुद्रातल्या त्या ५० माणसांना कुणी दर तासाला "आहात का?" असं विचारत नव्हतं.

मागचा हिशेब

आणखी थोडं मागे जाऊ, म्हणजे चित्र पूर्ण होईल.

नोव्हेंबर १८८८. एसएस वैतरणा. आपल्या वैतरणा नदीचंच नाव. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला "विजळी" म्हणायचे. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, वाटेत वादळ, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. ७०० हून जास्त माणसं. अवशेष सापडले नाहीत. तिच्यावरची लोकगीतं गुजरातमध्ये अजून गातात. नंतरच्या चौकशीत निघालं की लाइफबोटी आणि जॅकेटं पुरेशी नव्हतीच. तेव्हा वायरलेस जगातच नव्हता, त्यामुळे निरोपाचा प्रश्नच नाही.

१७ जुलै १९४७. रामदास बोट. कोकणातल्या घराघरात ही गोष्ट माहीत आहे. गटारी अमावस्येचा दिवस, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, माणसांनी भरलेली. मुंबईपासून जेमतेम काही मैलांवर लाटांनी कलली आणि बुडाली. ६०० हून जास्त लोक गेले. आता बघा, टायटॅनिक बुडून तेव्हा ३५ वर्षं झाली होती. वायरलेस जगभर होता. रामदासवर नव्हता. दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ताच नाही. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून बातमी कळली. जवळपासच्या कोळ्यांच्या होड्यांनी काही जणांना वाचवलं, म्हणून तेवढे तरी राहिले.

रामदास काही गूढरीत्या गायब झाली नव्हती. पण त्या काही तासांसाठी मुंबईच्या दृष्टीने ती "व्यवस्थित" होती. वेळापत्रकाप्रमाणे रेवसला पोचलेली. हिरवं टिंब.

आता काय बदललं?

बरंच बदललं. मोठ्या जहाजांवर आता असा डबा असतो जो जहाज बुडालं की आपोआप सुटून पाण्यावर येतो आणि उपग्रहाला ओरडून सांगतो. १९९९ पासून अशी सगळी यंत्रणा आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. एमएच ३७० नंतर प्रवासी विमानांनी समुद्रावरून जाताना किमान दर १५ मिनिटांनी आपली जागा कळवायची, असा नियम २०१८ पासून आला. इस्रोने आपल्या मच्छीमारांसाठी धोक्याचा संदेश देणारं यंत्र केलं, आणि त्याच्या नव्या आवृत्तीत किनाऱ्याकडून उलट निरोप येतो : तुमचा संदेश मिळाला. मला ही सुधारणा फार आवडली. बुडणाऱ्या माणसाला कुणीतरी ऐकलंय हे कळणं किती मोठी गोष्ट आहे.

तरी माणसं हरवतातच. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. २९ जण. प्रचंड शोध झाला, हाती काही लागलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये समुद्रतळावर फिरणाऱ्या आपल्याच एका स्वयंचलित यानाला ३,४०० मीटर खोल अवशेष दिसले. साडेसात वर्षं. आपल्या कायद्यात सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं धरायला परवानगी आहे. कायदा धरतो. आई धरत नाही.

आणि कधी उलटंही होतं. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी होड्या बेपत्ता झाल्या. तिकडे गावं रडत होती. आणि २ डिसेंबरला कळलं की त्यातल्या ६० हून जास्त होड्या, ९०० हून जास्त माणसांसह, आपल्या सिंधुदुर्गात देवगडला सुखरूप लागल्यात. घरच्यांच्या दृष्टीने ती माणसं हरवलेली होती, देवगडच्या दृष्टीने पाहुणी. मधे फक्त एका फोनचं अंतर. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. अनेक जण परत आलेच नाहीत.

तर रहस्य कुठे आहे?

मला एवढंच कळलंय. समुद्र खोल आहे, वादळ मोठं आहे, यंत्र बिघडतं. ते आपल्या हातात नाही. शेवटचा निरोप आणि पहिली चौकशी यांच्या मधला वेळ मात्र आपल्या हातात असतो. कैरालीचे ते दिवस, एमएच ३७० चे चार तास, तात्यांचे साडेसहा तास.

मी ते कोड बदललं. आता २० मिनिटं निरोप आला नाही की टिंब राखाडी होतं. "ठीक" असं म्हणत नाही. म्हणतं, "माहिती नाही, शेवटचा निरोप अमुक वाजता." आणखी २० मिनिटांनी घरच्या नंबरला फोन जातो. घाटात रेंज नसते, त्यामुळे उगाचच्या फोनांचा त्रास होतो. लोक वैतागतात, मला शिव्या घालतात. घालू देत. नंतर मी ती कंपनी सोडली, पण जाण्याआधी ही गोष्ट काढून टाकू नका असं चारचारदा सांगून आलो.

तुमच्यातले जे माझ्यासारखे कोड लिहितात त्यांना एकच विनंती. "चूक आढळली नाही" आणि "सगळं बरं आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच रंग देऊ नका.

आणि जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे एक फार जुनी पद्धत आहे. तुम्ही घरातून निघता, बॅग खांद्यावर, आणि आतून आवाज येतो : "पोचल्यावर फोन कर रे!" आपण वैतागून म्हणतो, "हो गं, करते" किंवा "हो गं, करतो", आणि विसरतो. लोकेशन शेअर केलंय की, बघेल ती. पण तिकडे कुणीतरी घड्याळाकडे बघत असतं. त्या एका वाक्यात सगळं आहे : कुठून निरोप यायचा, कधी यायचा, आणि नाही आला तर कोण जागं राहणार. कैरालीसाठी असं कुणीतरी एक जण नेमलेलं असतं, तर कदाचित शोध तरी लवकर निघाला असता.

म्हणून ट्रेकला जाताना, रात्री बाइकवर निघताना, कोकणात होडीने जाताना घरी एक वेळ सांगून जा. "दहापर्यंत फोन नाही आला तर अमक्याला लाव." आणि समुद्रावर कुणी अडचणीत दिसलं किंवा होडी वेळेत परत आली नाही, तर तटरक्षक दलाचा नंबर आहे १५५४. आत्ताच सेव्ह करा, भाग संपायची वाट बघू नका.

काल तात्यांकडे गेलो होतो. आता ते घराजवळच रोपांची नर्सरी बघतात. त्यांना म्हटलं, तुमची गोष्ट सांगू का पॉडकास्टवर? म्हणाले, "सांग की. फक्त माझं नाव घेऊ नको, आणि टोमॅटोला त्या दिवशी भाव चांगला होता हे सांगायला विसरू नको." सांगितलं, तात्या.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी, गावात कुणी रामदास बोटीच्या आठवणी सांगणारं असेल, तर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढे कधीतरी त्यावर पूर्ण भाग करू. उद्या सकाळी मी पुण्याला निघतोय. आईने आत्ताच दोनदा सांगून झालंय.

पोचलो की करतो फोन. तुम्हीही करा. भेटू पुढच्या भागात.